पांढरी कड

पातूरकरने पुडकं हातात घेतलं आणि उघडायच्या आधी नाकाजवळ नेलं. तेवढ्यावरूनच माझं डोकं फिरलं.

"कोथिंबिरीचा वास येतो," तो म्हणाला.

"फ्रिजमधी होतं तं कोथिंबिरीचाच येईन. अत्तराचा कुठून येईन?"

तो हसला. मी नाही हसलो.

अकोल्यात टिळक रोडवर पहिल्या मजल्यावर त्याचा फोटो स्टुडिओ होता. मी गेलो तेव्हा पाटी उतरवून भिंतीला टेकवलेली होती. पडदे, दिवे, खुर्च्या विकून झालं होतं. महिनाअखेरीस तो मुलाकडे नाशिकला कायमचा जाणार होता. राहिला होता एक मोठा लाकडी कॅमेरा तीन पायांवर, पातूरकरची एक खुर्ची, आणि खिडकीशी एक टेबल, एक स्टूल. त्या स्टुलावर बसून माझ्या बायकोने, कुमुदने, कितीतरी वर्षं रिटचिंग केलं. लोकांच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून त्यांचे व्रण, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं ती घालवायची.

कुमुदला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. ती असताना मी तो जिना कधी चढलो नाही. मी जिनिंग फॅक्टरीत फिटर. पाळी सुटली की सायकल घेऊन टिळक रोडला यायचो आणि समोरच्या रसवंतीवर थांबायचो. ती वरून उतरायची आणि आम्ही घरी जायचो. पातूरकर कधी खिडकीतून हात करायचा, "या ना वर, गावंडे." मी खालूनच मान हलवायचो. माझ्या डोक्यात एकच असायचं. ही दिवसभर वर आहे. वर पंखा आहे, रेडिओ आहे, इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस आहे. घरी येऊन ती पातूरकरचे किस्से सांगायची आणि सांगताना हसायची. माझ्या फॅक्टरीत हसण्यासारखं काही घडत नव्हतं.

त्या दिवशी वर चढलो तो फोटोसाठी, आणि जमलं तर तिचं स्टूल मागून न्यायला. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला कुमुदचा धड एक फोटो आमच्याकडे नव्हता. मुलीने, वैजूने, लग्नाच्या ग्रुप फोटोतलं आईचं तोंड कॉम्प्युटरवाल्याकडून मोठं करून आणलं होतं. त्याने ते दुसऱ्याच कुठल्यातरी बाईच्या धडावर बसवलं, ओठ गुलाबी केले आणि मागे निळे डोंगर घातले. मी ते उलटं करून कपाटावर ठेवून दिलं.

सोबत त्याचं त्याला परत द्यायला पुडकंही आणलं होतं. ते आमच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात कित्येक वर्षं होतं. पिशवीत पिशवी, तिच्यात कागद, त्यात काहीतरी चपटं. मी विचारलं की कुमुद म्हणायची, "स्टुडिओतलं आहे, थंडीत ठेवावं लागतं. हात लावू नका." तो फ्रिज मी बोनसमधून घेतला होता. माझ्या फ्रिजमध्ये पातूरकरची वस्तू. पुढे फ्रिज बदलला, तेव्हाही सगळ्यात आधी ते पुडकं नव्या फ्रिजमध्ये गेलं. लोणी नंतर.

"वहिनींचा फोटो माझ्याकडे नाही," पातूरकर म्हणाला. "खोटं वाटेल तुम्हाला."

"वाटते."

"इतकी वर्षं कॅमेऱ्यापासून चार हातांवर बसल्या, पण समोर कधी बसल्या नाहीत. म्हणायच्या, चेहऱ्यात काय काय असतं ते मला माहीत आहे, माझं कोण पुसत बसेल."

ते बोलणं कुमुदचंच होतं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. तिचं एक वाक्य या माणसाकडे होतं आणि माझ्याकडे नव्हतं, याचाच मला राग आला.

त्याने पुडकं सोडलं. आत एक चपटी काळी पेटी निघाली, शाळेच्या पाटीपेक्षा जरा लहान. तो खुर्ची ओढून बसला.

"होल्डर आहे," तो म्हणाला. "यात फिल्म भरून कॅमेऱ्याला लावतात. दोन्ही बाजूंना एकेक बसते, वरून हे सरकतं झाकण. एका बियाणं कंपनीच्या कॅलेंडरसाठी मी मोठ्या रंगीत फिल्मचं खोकं मागवलं होतं. काम झालं, थोडी उरली, तिची मुदत सरली. मी वहिनींना म्हटलं, टाकून द्या. टाकली नाही वाटतं."

उजेड आत जाऊ न देणारी काळी पिशवी घेऊन, तिच्यात दोन्ही हात घालून त्याने पेटी चाचपली. एक बाजू रिकामी होती. दुसरीत फिल्म होती.

"एक आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकले होते. "गावंडे, एक विचारू? ही मला द्या. हा कॅमेरा परवा जाणार. शेवटचा एक फोटो काढतो. नागपूरच्या लॅबवाल्या मित्राने फिल्म धुवायच्या औषधाच्या बाटल्या दिल्यात, पण कुठे फिल्मच मिळत नव्हती."

"कायचा फोटो काढता?"

"त्या स्टुलाचा. खिडकीचा उजेड पडतो त्याच्यावर या वेळी. ती जागा राहील."

मी तिथे फोटो मागायला गेलो होतो आणि हा माझ्या बायकोच्या जागेचा फोटो स्वतःसाठी मागत होता. तरी मी नाही म्हणालो नाही. हा माणूस तिच्याकडे कसा बघायचा ते मला बघायचं होतं.

त्याने कॅमेरा स्टुलाकडे वळवला, काळ्या कपड्यात डोकं घातलं, बराच वेळ काही काही फिरवत राहिला. मग मला बोलावलं. मी कपड्याखाली शिरलो. मागच्या दुधी काचेवर स्टूल उलटं टांगलेलं होतं, पाय वर, बैठक खाली. खिडकीही उलटी. त्या स्टुलाची एक बाजू तिच्या बसण्याने झिजली होती. ते उलटंसुद्धा दिसत होतं.

"फिल्म जुनी झाली की तिला कमी दिसतं," पातूरकर बाहेरून सांगत होता. "आपल्यासारखंच. मग तिला उजेड जास्त द्यायचा, कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचा. हेच मी कुमुदला…"

तो थांबला. तोपर्यंत माझ्यासमोर तो नेहमी वहिनी म्हणायचा. मी कपड्यातून बाहेर आलो. त्याने मान खाली घालून होल्डर उचलला आणि कॅमेऱ्यात सरकवायला लागला. तेव्हा मला खालच्या कडेला दोरा दिसला.

"थांबा."

"काय झालं?"

"तो दोरा कायचा हाये?"

पांढऱ्या शिवणदोऱ्याचे दोन वेढे आणि त्यावर दोन गाठी.

"झाकण सरकू नये म्हणून बांधला असेल," तो म्हणाला.

"नाई. काढू नका ते."

कुमुदची एक सवय होती. लोणच्याची बरणी मुरायला ठेवली की तोंडाला कापड आणि त्यावर असाच दोरा. कुरडयांचा डबा, दिवाळीसाठी आणून ठेवलेली चादर, वैजूच्या बाळंतपणासाठी केलेले डिंकाचे लाडू, सगळ्यांना दोन वेढे आणि दोन गाठी. म्हणजे आत भरलेलं आहे, वेळ आल्याशिवाय उघडायचं नाही. रिकाम्या डब्याला तिने कधी दोरा बांधला नाही.

मी हे पातूरकरला सांगितलं. तो ऐकून घेऊन हसला.

"गावंडे, हे बघा." त्याने झाकणाची मूठ दाखवली. "एका बाजूला पांढरी कड, दुसरीकडून काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी. फोटो काढला की झाकण उलटून घालायचं, काळी बाहेर. आता कोणती दिसते?"

"पांढरी."

"मग झालं. हा नियम मीच शिकवला तिला. सगळे होल्डर तीच भरायची, अंधारात, नुसत्या बोटांनी. कधी चुकली नाही."

"तुमच्या समोर चुकली नसन. घरी चुके."

"काय चुकायची?"

"पोहे दोनदा भिजवे. तुमाले काय माहीत?"

तो खुर्चीत बसला. "बरं, मग आत काय आहे म्हणता तुम्ही?"

"ते तुमालेच माहीत. कॅमेरा तुमचा, फोटो काढनारे तुमी. पुडकं माह्या फ्रिजमधी लपवलं. मी काय समजू?"

"म्हणजे मी तिचा फोटो काढला आणि तिने तो लपवून ठेवला?"

"मी नाई म्हनलं. तुमीच म्हनलं."

"अहो, काढला असता तर त्याच दिवशी धुतला असता. आणि त्या भिंतीवर लावला असता."

"मले विचारून?"

"न विचारता," तो म्हणाला.

हे त्याने अगदी सरळ सांगितलं. इतकी वर्षं मला जे वाटत होतं ते तो खुर्चीत बसून बोलून मोकळा झाला होता.

खालून रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी उभाच होतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे फिल्म कोरी असेल आणि मी ती तशीच धुवायला लावली, तर शेवटची फिल्म वाया. माझं खरं असेल आणि त्याने वरून स्टुलाचा फोटो काढला, तर आत जे काही होतं ते मेलं. आणि आत कदाचित कुमुद होती. धड फोटो, तिचं खरं तोंड. याने काढलेला असला तरी मला तो पाहिजे होता. याने काढलेला असेल तर तो बघवणार नव्हता.

"धुवा," मी म्हणालो.

"कोरी निघाली तर?"

"तं ते स्टूल तुमचं. मी न्यायले आलो होतो ते."

तो उठला. "तुमची बायको, तुमचा फ्रिज," तो पुटपुटला. "चला."

रंगीत फिल्मच्या औषधाला अडतीस डिग्री पाणी लागतं म्हणे. दुसऱ्या गावांत ते तापवत बसावं लागत असेल. अकोल्यात मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याहून गरम होतं. पातूरकरने बादलीत थर्मामीटर बुडवला आणि चक्क माठातलं पाणी ओतून ते निववलं. मागच्या न्हाणीघरात त्याने तीन ट्रे मांडले, दाराच्या फटीत गोधडी कोंबली आणि मला आत घेतलं.

"तुम्ही ट्रे हलवायचा. बाळाला झोपवतो तसा. थांबायचं नाही. दुसऱ्या ट्रेमध्ये जाईपर्यंत उजेडाचा कण नको."

दिवा गेला. इतका अंधार मी आधी कधी पाहिला नव्हता. घामाच्या धारा लागल्या होत्या. त्याचं कोपर मला लागत होतं. दोऱ्याचा कट्ट आवाज आला, मग झाकण सरकल्याचा. नंतर पाण्यात काहीतरी हळूच उतरलं.

"हलवा."

मी हलवायला लागलो.

"कुमुद कुठं उभी राहे?" मी विचारलं.

"तुम्ही आहात तिथेच."

ट्रेची कड माझ्या हातात गरम लागत होती.

"घड्याळ दिसत नाही तर वेळ कसा समजते?"

"ती पाढा म्हणायची. एकोणतीसचा. एवढे वेळा म्हटला की झालं, असं तिचं गणित होतं. मला अजूनही त्याशिवाय जमत नाही." आणि तो म्हणायला लागला, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न…"

माझे हात थांबले. कुकर लावला की, दूध उतू जाईल म्हणून उभी राहिली की, कुमुद एकोणतीसचा पाढा म्हणायची. मला वाटायचं ती आमच्या स्वयंपाकघराची गोष्ट आहे.

"हलवा, हलवा," पातूरकर म्हणाला. "त्रिक सत्त्याऐंशी, चोक… चोक…"

"सोळोत्तरशे," मी म्हणालो.

मग आम्ही दोघं म्हणत राहिलो. तो अडला की मी, मी अडलो की तो. मधेच पाढा संपून पुन्हा सुरू होताना तो बोलला, अंधारातच.

"मी विचारलं होतं एकदा. पाच मिनिटं बसा म्हटलं खुर्चीत. दिवे लावून ठेवले होते."

"मंग?"

"खिडकीतून खाली पाहिलं तिने. म्हणाली, ते थांबलेत. आणि पिशवी उचलून गेली."

मी ट्रे हलवत राहिलो. त्याने फिल्म दुसऱ्या ट्रेमध्ये टाकली. पुन्हा पाढा झाला. मग त्याने दिवा लावला. आम्ही दोघं निथळत होतो.

फिल्मवर काहीतरी होतं. कोरी नव्हती. एवढं मलाही समजलं. मला आनंद झाला नाही.

त्याने ती नळाखाली धुतली, दोन बोटांत धरून खिडकीशी नेली आणि उजेडात उचलली. नारिंगी तुकड्यावर काळं-पांढरं उलटसुलट. मला त्यात ओ की ठो कळेना. त्याचा जन्म निगेटिव्ह वाचण्यात गेला होता. तो बघत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"कोन हाये?"

त्याने फिल्म डोळ्यांजवळ नेली.

"पातूरकर, कोन हाये? कुमुद हाये?"

"माणूस आहे," तो म्हणाला.

"कोनता मानूस?"

"सायकल आहे." त्याने फिल्म जरा तिरपी केली. "रसवंती आहे समोरची. या खिडकीचा गज आलाय मधे, धूसर. इथूनच काढलाय, याच कॅमेऱ्याने. मी नव्हतो त्या दिवशी. मी नाही काढला हा."

"मंग कोनी काढला?"

"तिने. दुसरं कोण?" तो खिडकीतून खाली रस्त्याकडे बघायला लागला. "म्हणून पांढरी कड. ती नुसत्या फिल्म भरायची, फोटो मी काढायचो. तिच्या हाताला पांढरी बाहेर ठेवायचीच सवय. काढून झाल्यावरही पांढरीच घातली. नंतर लक्षात आलं असेल, मग दोरा."

"आनि मानूस?"

"तुम्ही."

त्याने फिल्म माझ्या हातात दिली. ओली, चारही कडांना कोमट. मी तीत काहीच ओळखू शकत नव्हतो.

"उजेड बरोबर दिलाय," तो म्हणाला. "मी सांगितलं तसा, जास्त. डोळा उघडा ठेवला असेल चांगला दोन-तीन क्षण. रस्त्यावरचे बाकी लोक पुसले गेलेत बघा, रिक्षा, माणसं, सगळी. हलतं ते येत नाही. जो हलला नाही तेवढाच आला."

मग त्याने टेबलावरची तिची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"माझा कॅमेरा," तो म्हणाला. "माझी फिल्म. माझी खिडकी. आणि आत तुम्ही."

त्याने हसायचा प्रयत्न केला. त्याचं तोंड मी ओळखलं. रसवंतीच्या काचेत, ग्लास विसळायच्या पाण्यात, सायकलच्या घंटीच्या वाटीवर मी ते तोंड कितीतरी वर्षं बघितलं होतं. माझंच.

निघताना तो म्हणाला, "गावंडे, स्टूल राहू द्याल का? नाशिकला नेतो."

द्यायला पाहिजे होतं. नाही दिलं. पैज मी जिंकलो होतो. सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधून घरी आणलं. वळताना वर पाहिलं तर तो खिडकीत उभा होता. त्याने हात केला नाही. मीही नाही.

फोटो मी त्याच कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेतला. ओठ, डोंगर, काही घालायचं नाही असं बजावून सांगितलं. मोठा करून आला तेव्हा मी दुकानातच बसून राहिलो. आभाळ जांभळट झालेलं, सावल्या हिरव्या. माझा फॅक्टरीचा निळा शर्ट वांग्याच्या रंगाचा झाला होता. रस्ता ओसाड, म्हणजे माणसांच्या जागी नुसता धूर. मधे मी, सायकल कमरेला टेकवून. दोन्ही हातांत रसाचे ग्लास. एक माझा, अर्धा प्यालेला. दुसरा भरलेला, छातीशी धरलेला, वर बर्फ, आणि माशी बसू नये म्हणून मनगट वाकडं करून ग्लासावर आडवा धरलेला अंगठा. मान वर. मला आठवत होतं की मी तिथे रागाने उभा राहायचो. फोटोत राग कुठे दिसत नव्हता. रस तेवढा हिरवाच राहिला होता.

वर्षश्राद्धाला मी तोच फोटो भिंतीवर लावला. हार घातला नाही, नुसता समोर दिवा लावला. पाहुणे येऊन बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि चहा पिऊन जायचे. भटजींनी दोनदा विचारलं, "श्राद्ध कोणाचं आहे?"

लोक गेल्यावर वैजू कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, लोक काय म्हणत असतील? आईचं वर्षश्राद्ध आणि फोटो तुमचा. आई कुठे आहे यात?"

आता या गोष्टीलाही बरीच वर्षं झाली. पातूरकरही गेला. पण वैजूने ते विचारलं त्या दिवशी मी एवढंच केलं. मी आत जाऊन कुमुदचं स्टूल आणलं. फोटोसमोर ठेवलं, जरा मागे, खिडकी असावी एवढ्या अंतरावर. झिजलेली बाजू स्टुडिओत होती तशी डावीकडे आली का ते बघितलं.

"इथं," मी म्हणालो. "बस, म्हणजे दिसते."